योगाच्या सत्राआधी ड्यूटी लिस्ट बघा: रुग्णालयातल्या माणसांना कामावर बरं वाटावं म्हणून

१२ मे, परिचारिका दिन. आमच्या रुग्णालयात दुपारी अडीच वाजता ‘ताणतणावाचं व्यवस्थापन’ या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. अडीच म्हणजे मॉर्निंगवाल्या सिस्टरांनी ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देऊन निघायची आणि इव्हिनिंगवाल्यांनी ओव्हर घ्यायची वेळ. हजेरी सक्तीची. बदलापूरची एक सिस्टर सकाळीच नाईट संपवून घरी गेली होती, ती पुन्हा उलट्या लोकलने आली. वक्त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तिसऱ्या श्वासाला ती खुर्चीतच गाढ झोपली. मेट्रननी, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांनी, तिला मेमो दिला नाही, त्या दिवशीचं कर्मचारी कल्याण एवढंच.

मी २७ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ इन्चार्ज, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर म्हणून. आता मुंबईतल्या लहान-मध्यम नर्सिंग होमना ड्यूटी लिस्ट लावायला मदत करते. पुढे जे लिहिते आहे ते मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, युनिटचे डॉक्टर आणि वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होमचे मालक यांच्यासाठी. मोठ्या रुग्णालयाचा कारभार एकट्या इन्चार्जला बदलता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण वॉर्डाच्या आत बरंच काही हातात असतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती, अशी त्याची व्याख्या आहे. खुणा तीन: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. यातली दुसरी खूण आपण सर्रास चुकीची वाचतो. पेशंटला ‘ए बेड नंबर नऊ’ म्हणून हाक मारणारी सिस्टर उद्धट झाली, असं आपण म्हणतो. पाच वर्षांपूर्वी तीच त्या पेशंटच्या मुलीची परीक्षा कधी आहे हे विचारत होती, ते विसरतो.

या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या ख्रिस्तिना मास्लॅक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या जागेची सहा अंगं सांगितली आहेत: कामाचा बोजा, कामावरचा स्वतःचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, आणि मूल्यं. यादी पाठ करायची गरज नाही. यातलं एकही अंग दीर्घ श्वासाने दुरुस्त होत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

पहिली पायरी: दोन आठवडे वही

दोनशे रुपयांच्या सर्वेक्षण अ‍ॅपपेक्षा दहा रुपयांची वही बरी. रोज चारच गोष्टी लिहा. ड्यूटी संपल्यावर किती मिनिटांनी माणसं प्रत्यक्ष बाहेर पडली? किती जणांना बसून जेवता आलं? कोणाची सिक लीव्ह आली आणि ती नाईटच्या आधी की नंतर? कोणाला ऐनवेळी डबल ड्यूटी लागली?

सोबत एक बंद खोका ठेवा आणि सगळ्यांना, मावशी, मामा (वॉर्डातले मदतनीस) आणि सफाई कामगारांनाही, एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या ड्यूटीतली कोणती एक गोष्ट उद्यापासून बंद व्हावी?’ नाव लिहायला सांगू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी बाहेरच्या माणसाने बोलावं, इन्चार्जने नाही. मी एका ठिकाणी हे केलं तेव्हा पगार, गर्दी अशा चिठ्ठ्या येतील असं वाटलं होतं. सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघाल्या त्या एका लिफ्टच्या. लिफ्टमन दुपारी जेवायला गेला की स्ट्रेचर जिन्यावरून न्यावं लागायचं, आणि हे वर कोणालाच माहीत नव्हतं.

दुसरी पायरी: पाळ्यांचं खरं गणित

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्मं दुखणं इथलं असतं.

समजा ४० खाटांच्या वॉर्डात पटावर १२ सिस्टर आहेत. मालक म्हणतो, बारा पुष्कळ झाल्या. आठवड्याचा एक ऑफ धरला तर १२ जणींच्या मिळून ७२ ड्यूट्या होतात. पण बारा हा आकडा फक्त पटावर असतो. एक बाळंतपणाच्या रजेवर आणि एक आजारपण, सीएल किंवा ट्रेनिंगमध्ये असं धरलं की उरल्या दहा, म्हणजे ६० ड्यूट्या. दर तीन नाईटनंतर एक जास्तीची सुट्टी दिली, तर आठवड्याच्या १४ नाईटमागे साधारण पाच ड्यूट्या वजा. राहिल्या ५५. रात्री दोघी ठेवल्या की १४ तिथे गेल्या. उरलेल्या ४१ ड्यूट्या सात सकाळ आणि सात संध्याकाळ मिळून १४ पाळ्यांत वाटा. एका पाळीला तिघीही पुऱ्या येत नाहीत. दिवसा एकीच्या वाट्याला तेरा-चौदा पेशंट, रात्री वीस.

हे गणित कागदावर मांडून वर पाठवा. ‘स्टाफ कमी आहे’ हे वाक्य वरच्यांनी हजारदा ऐकलेलं असतं, ते कानावरून जातं. रात्री एकीमागे वीस पेशंट हा आकडा सहीनिशी, तारखेसह फाइलमध्ये गेला की त्याला उत्तर द्यावं लागतं. माणसं लगेच मिळतीलच असं नाही. पण उद्या काही वेडंवाकडं घडलं तर दोष एकट्या सिस्टरवर ढकलता येत नाही. ही संरक्षणाची भावनाही कल्याणातच मोडते.

आता लिस्ट लावताना:

पाळी पुढच्या दिशेने फिरवा: मॉर्निंगनंतर इव्हिनिंग, मग नाईट. उलट फिरवली की शरीराला घड्याळ मागे ओढावं लागतं. इव्हिनिंग संपवून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावणं शक्यतो टाळा. रात्री नऊला सुटलेली बाई कल्याणच्या पुढे राहत असेल तर घरी पोचायला अकरा, आणि सकाळच्या ड्यूटीसाठी साडेचारला उठणं.

लिस्ट किमान १५ दिवस आधी लावा. शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पुढच्या आठवड्याची लिस्ट टाकणं ही मला सगळ्यांत क्रूर सवय वाटते. मुलाची पीटीएम, सासूचं डायलिसिस, गावाकडच्या लग्नाचं तिकीट, सगळं टांगलेलं राहतं. आपल्या आठवड्यावर थोडा ताबा असला की तोच बोजा हलका लागतो.

नाईट सलग किती, यावर माझं मत आणि शास्त्र थोडं वेगळं पडतं. झोपेचं शास्त्र सांगतं, सलग तीनच्या पुढे जाऊ नका. पण दूर राहणाऱ्या अनेक सिस्टर स्वतःहून सहा नाईट मागतात, कारण मागून सलग ऑफ मिळतात आणि गावी जाता येतं. अशा वेळी नियम लादू नका, विचारा. फक्त सहा नाईट करणारीला मध्ये डबल ड्यूटी लागणार नाही, हे लिहून ठेवा.

डबल ड्यूटीबद्दल एक आकडा मी नेहमी सांगते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढासळतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून मुलांचे डबे केलेली आणि दुपारी न झोपता रात्री आठला नाईटला आलेली सिस्टर पहाटे पाचला २३ तास जागी असते. त्याच वेळी तिच्या हातात इन्सुलिनची सिरिंज असते. म्हणून नाईटमध्ये पाळीपाळीने वीस-तीस मिनिटांची डुलकी अधिकृत करा. माणसं तशीही झोपतात. अधिकृत झाली की दुसरी जागी आहे याची खात्री असते.

आणि मुंबई म्हणून दोन गोष्टी. रविवारचा मेगाब्लॉक आधीच जाहीर होतो. त्या मार्गावरच्या माणसांची मॉर्निंग त्या दिवशी बदला किंवा अर्धा तास सूट द्या. पाळी रात्री शेवटच्या लोकलनंतर संपत असेल, तर पहिल्या लोकलपर्यंत थांबायला कुलूप असलेली खोली द्या. पावसाळ्याची वेगळी यादी जूनच्या आधी तयार हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी मॉर्निंगला होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. मला राग पावसाचा आला नाही. इतक्या तासांत ‘जेवलात का’ असं वरून एकानेही विचारलं नाही, त्याचा आला. रुग्णालयाजवळ राहणाऱ्या कोणाला बोलवायचं, अडकलेल्यांच्या जेवणाचे पैसे कोणी द्यायचे, किती तासांनंतर सक्तीने झोपायला पाठवायचं, हे एका पानावर लिहून ठेवा.

निवासी डॉक्टरांची गोष्ट याहून बिकट. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्यूटी सहसा १२ तासांपुढे जाऊ नये असं म्हटलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. आपल्या वॉर्डातल्या हाऊसमनना (ज्युनिअर निवासी डॉक्टरांना) हे आकडे वाचून दाखवले तर ते हसतात. युनिटप्रमुखांनी निदान एमर्जन्सी ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांना सोडावं. त्या दुपारी ते राऊंडला उभे असतात, पण कानात काही शिरत नाही.

तिसरी पायरी: पाणी, संडास, खुर्ची, कपडे बदलायची खोली

यात लिहिण्यासारखं थोडं आणि करण्यासारखं पुष्कळ. पिण्याच्या पाण्याची जागा वॉर्डापासून दोन मिनिटांत हवी. बायकांचा संडास वेगळा, कडी लागणारा, रात्री दिवा असलेला. संडास लांब असला की सिस्टर पाणीच पीत नाहीत, आणि मग वॉर्डाच्या गप्पांत लघवीच्या जंतुसंसर्गाचा विषय महिन्यातून दोनदा निघतो.

कपडे बदलायच्या खोलीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या, तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, पिढ्यामागून पिढ्या. ही गोष्ट आम्ही सेवाभावाची म्हणून सांगतो. मला ती आधी एका खोलीची गोष्ट वाटते. तुमच्या इमारतीतली ती खोली आज रात्री अकराला स्वतः जाऊन बघा. आतून कडी लागते का? बाहेर दिवा आहे का? ओरडलं तर कोणाला ऐकू जाईल?

चौथी पायरी: ओव्हर

पाळी लांबते ती बहुतेक वेळा ओव्हरमध्ये. पेशंटमागे पाच मुद्दे ठरवा: किती गंभीर आहे, थोडक्यात काय झालंय, काय करायचं राहिलंय, बिघडलं तर काय करायचं, आणि घेणाऱ्याने परत म्हणून दाखवणं. अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत बालरोग विभागाच्या निवासी डॉक्टरांना अशी ठरावीक पद्धत शिकवली तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. चूक कमी झाली की रात्री दोनला घरी दचकून उठून ‘बेड सोळाचं पोटॅशियम सांगितलं का मी?’ म्हणून वॉर्डात फोन करणंही कमी होतं. ओव्हर चालू असताना डॉक्टरांनी राऊंड सुरू करू नये, हा नियम मेट्रनने लावावा. सुरुवातीला सर चिडतात.

पाचवी पायरी: नातेवाइकांचा राग

महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई. दरवाजावर त्याचा बोर्ड लावलेला असतो. पण कानाखाली बसलेली सिस्टर पोलीस ठाण्यात एकटीच जाते, तेव्हा त्या बोर्डाचा तिला काही उपयोग नसतो. तक्रार संस्थेने करायची. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सरकारी रुग्णालयांच्या प्रमुखांना हिंसेनंतर सहा तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी दिली. खासगी नर्सिंग होमनेही हीच सहा तासांची शिस्त पाळावी. मालक ‘जाऊ द्या, नाव खराब होईल’ म्हणाला की स्टाफला कळायचं ते कळतं, आणि पुढच्या महिन्यात दोन राजीनामे येतात.

भांडण होण्याआधी काय करता येतं? बहुतेक राग माहिती न मिळाल्याचा असतो. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, डॉक्टरांनीच नातेवाइकांशी बोलावं. सलाइन लावणाऱ्या सिस्टरला ‘पेशंट वाचेल का’ हा प्रश्न झेलायला लावू नये. मृत्यूची बातमी सर्वांत ज्युनिअर माणसाने एकट्याने कधीच सांगू नये. वरिष्ठ डॉक्टर, सोबत आणखी एकजण, आणि दाराकडची बाजू आपल्याकडे ठेवून. हे मला एका कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) जुन्या मामांनी शिकवलं होतं, कुठल्याही प्रोटोकॉलने नाही.

सहावी पायरी: सुई आणि खोकला

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका आणि लगेच कळवा. एचआयव्हीविरोधी औषध दोन तासांच्या आत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. किट रविवारी रात्री तीनलाही मिळालं पाहिजे, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस वसईला असता कामा नये. हेपटायटिस-बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी, पातळी किमान १० एमआययू/एमएल हवी. हे सगळं कंत्राटी सफाई कामगारांनाही. कचऱ्याच्या पिशवीत सुई टाकतो आपण, टोचते ती मावशींना. ‘ते कंत्राटदाराचं बघणं आहे’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

टीबीसाठी खिडक्या उघड्या, एन-९५ मास्क मापाचे, आणि दोन आठवडे खोकणाऱ्या सहकाऱ्याला टोमणे न मारता बेडका तपासायला पाठवणं.

सातवी पायरी: वरिष्ठांचं तोंड

सर्वांसमोर, पेशंटसमोर ओरडणं हे आपल्याकडे शिकवण्याचं साधन समजलं जातं. पुढची पिढी तेच उचलते. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका तरुण निवासी डॉक्टरने आयुष्य संपवलं, त्यानंतर जातीवरून होणाऱ्या छळाची उघड चर्चा झाली. चर्चा नंतर थंडावली. तुमच्या वॉर्डात ‘कोट्यातली’ हा शब्द विनोदात वापरला जात असेल तर इन्चार्जने तिथल्या तिथे थांबवावा. तिथे गप्प राहणारी इन्चार्ज आपल्या बाजूची नाही, हे ज्युनिअरना लगेच कळतं.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक जागी लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शिकाऊ आणि कंत्राटी बायकांनाही ती लागू आहे. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. सदस्यांची नावं नर्सिंग स्टेशनमागे लावा. ऑफिसच्या कपाटात असलेली समिती नसल्यातच जमा.

न्यायाचा भाग लहान वाटतो पण फार खुपतो. दिवाळीची नाईट दर वर्षी कोणाच्या वाट्याला येते, ते मागच्या तीन वर्षांच्या लिस्ट काढून तपासा. मी माझ्याच लिस्ट तपासल्या होत्या. लग्न न झालेल्या दोघी आणि एक ख्रिश्चन सिस्टर, तिन्ही वर्षं. ख्रिश्चन सिस्टरला नाताळलाही ड्यूटी होती. मी लावलेली.

आठवी पायरी: वाईट दिवसानंतर

वॉर्डात मूल गेलं, किंवा औषधाची चूक झाली, की त्या पाळीतल्या माणसांना दहा मिनिटं एकत्र बसवा. चौकशी नंतर. आधी चहा. चूक करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरला त्या घटनेची ‘दुसरी बळी’ म्हणायला अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली सुरुवात केली. शब्दावर वाद आहेत, पण ज्याने तो अनुभव घेतलाय त्याला काय म्हणायचंय ते कळतं. तिला घरी एकटी पाठवू नका, आणि पुढच्या पाळीला त्याच बेडवर लावू नका.

कोणी गप्प होत चाललंय, झोपत नाही, ‘आता नको झालंय’ म्हणतंय, तर सरळ विचारा आणि सोबत राहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रुग्णालयाच्या आतल्या मानसोपचार ओपीडीत जायला आपली माणसं कचरतात, केसपेपरवर नाव येतं म्हणून. बाहेरच्या डॉक्टरांकडे जायला अर्ध्या दिवसाची रजा, कारण न विचारता द्या.

वही पुन्हा उघडताना

तीन महिन्यांनी तीच वही, तेच चार रकाने, आणखी दोन आठवडे. ड्यूटीनंतरची मिनिटं कमी झाली का, नाईटआधीच्या सिक लीव्ह घटल्या का, एवढं बघा. घटल्या नसतील तर लिस्टकडे परत जा.

एक काम लोक विसरतात: काहीतरी काढून टाकणं. नवी चेकलिस्ट आणली की जुनं रजिस्टर तसंच राहतं. दादरकडच्या एका नर्सिंग होममध्ये सिस्टर दर पाळीला ११ रजिस्टरं भरत होत्या. प्रत्येकाच्या मागे ‘हे कोण वाचतं?’ असं लिहून मालकांकडे पाठवलं. चार रजिस्टरांसमोर त्यांना कोणाचंच नाव लिहिता आलं नाही. ती चार कपाटात टाकली. आठ महिने झाले, अजून एकही कोणी मागितलेलं नाही.